काठीच्या टोकाची किमया

भोवरा खेळणाऱ्या मुलाला आरेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. आर बोथट किंवा वाकडी झाली, की भोवरा जमिनीवर थरथरतो आणि लवकरच कलंडतो. तीच आर घासून सरळ बसवली, की भोवरा एका जागी झोपी गेल्यासारखा शांतपणे फिरत राहतो. लाकूड तेच, जाळी तीच आणि हातही तोच. बदलले ते केवळ लोखंडाचे एक इवलेसे टोक. एवढ्याने खेळाचा सारा रंग पालटतो. साधनातील लहानशा फरकाने मोठा परिणाम कसा घडतो, याचे असेच एक मनोरंजक उदाहरण बिलियर्ड्सच्या काठीत पाहावयास मिळते.

हिरव्या लोकरी कापडाने मढवलेल्या मेजावर काठी आणि चेंडू यांनी खेळावयाचे अनेक खेळ आहेत. बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल हे त्यांतील प्रमुख होत. पूल या खेळाच्या मेजाला चार कोपऱ्यांवर चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर दोन, अशी सहा भोके असतात. खेळाडू काठीने केवळ पांढऱ्या चेंडूला टोला मारतो आणि त्या चेंडूच्या धक्क्याने इतर चेंडू भोकांत घालवितो. कॅरममध्ये स्ट्रायकरचे जे काम, तेच येथे पांढऱ्या चेंडूचे. मात्र कॅरममध्ये बोट स्ट्रायकरला प्रत्यक्ष लागते. येथे हात आणि चेंडू यांच्यामध्ये सुमारे दीड मीटर लांबीची एक काठी असते. या काठीला 'क्यू' असे म्हणतात.

क्यू दिसावयास साधी असली, तरी तिची घडण विचारपूर्वक केलेली असते. पूलच्या क्यूचे वजन साधारणपणे ५१० ते ५९५ ग्रॅम, म्हणजे चेंडूच्या वजनाच्या तिपटीहून थोडे अधिक असते. हातात धरावयाचा तिचा भाग जाड असतो. त्याला बुंधा म्हणता येईल. तेथून ती निमुळती होत जाते आणि टोकाशी तिची जाडी सुमारे १३ मिलिमीटर उरते. या पुढच्या दांड्यासाठी बहुधा मेपल नावाच्या झाडाचे कठीण व गुळगुळीत लाकूड वापरतात. मुसळाच्या टोकाला जशी साम बसविलेली असते, तशीच क्यूच्या टोकालाही एक लहान साम असते. तिच्यामुळे लाकूड फुटत नाही. या सामेच्या माथ्यावर चामड्याची एक छोटी चकती सरसाने चिकटविलेली असते. टोला मारताना चेंडूला स्पर्श होतो तो केवळ या चकतीचा. काठीच्या सगळ्या कर्तृत्वाचे मूळ या चकतीत आहे.

आरंभी ही चकती नव्हती. इतकेच काय, आजच्यासारखी क्यूही नव्हती. सतराव्या शतकात युरोपातील खेळाडू रुंद डोक्याच्या एका दांड्याने चेंडू ढकलीत असत. चेंडू मेजाच्या कडेला जाऊन टेकला, म्हणजे ते रुंद डोके अडचणीचे होई. मग खेळाडू दांडा उलटा धरून त्याच्या शेपटाकडील बारीक टोकाने चेंडू मारीत. फ्रेंच भाषेत शेपटाला जो शब्द आहे, त्यावरूनच 'क्यू' हे नाव पडले. पुढे हे शेपूटच अधिक सोयीचे ठरले आणि डोके मागे पडले.

तथापि या नव्या काठीत एक मोठा दोष होता. तिचे टोक उघड्या लाकडाचे होते. चेंडूच्या बरोबर मध्यावर टोला बसला, तर ठीक. पण टोला जरा बाजूला बसला, की लाकूड चेंडूवरून सटकन घसरे आणि चेंडू भलतीकडेच जाई. त्यामुळे खेळाडूला चेंडू सरळ मारण्यावाचून गत्यंतर नसे.

हा दोष दूर करण्याचे श्रेय फ्रान्सच्या सैन्यातील एक कप्तान, फ्रान्स्वा मँगो, यांना दिले जाते. राजकीय कारणामुळे ते पॅरिस येथे तुरुंगात होते आणि तेथेच त्यांनी क्यूच्या टोकाला चामडे लावण्याची कल्पना पूर्णत्वास नेली, असे सांगतात. हे १८०७ साली घडले. आपले प्रयोग पुरे करता यावेत म्हणून त्यांनी तुरुंगातील मुक्काम वाढवून मागितला, अशीही एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तुरुंगाबाहेर आल्यावर मँगो यांनी दाखविलेले खेळ पाहून लोक थक्क झाले, यात शंका नाही. त्यांचा चेंडू दुसऱ्या चेंडूवर आदळून पुढे न जाता मागे परत येई. कधी तो आदळल्यावरही त्याच दिशेने पुढे धावत राही, तर कधी मेजाच्या कडेवर आपटून अनपेक्षित दिशेला वळे. असे विलक्षण फटके चित्रांसह समजावून सांगणारे पुस्तकही त्यांनी १८२७ साली प्रसिद्ध केले.

चामड्याच्या तुकड्याने हे कसे साधले? याचे उत्तर घर्षणात आहे. क्यू आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागाएवढाच टिकतो. तेवढ्या क्षणात मऊ चामडे किंचित दबते आणि चेंडूला घट्ट पकडते. टोला मध्याच्या खाली बसला, तर ही पकड चेंडूला उलटी फिरकी देते. वर बसला, तर सुलटी फिरकी देते. डाव्या-उजव्या बाजूस बसला, तर चेंडू भोवऱ्यासारखा उभ्या आसाभोवती फिरतो. चेंडू पुढे सरकत असतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती फिरतही असतो. दुसऱ्या चेंडूवर आदळताच त्याची पुढे जाण्याची गती जवळजवळ सर्व त्या चेंडूला मिळते. फिरकी मात्र त्याच्यापाशीच राहते. ही उलटी फिरकी कापडावर पकड घेते आणि चेंडूला मागे ओढून आणते. जादूसारखा वाटणारा मँगो यांचा फटका तो हाच.

गास्पार-गुस्ताव्ह कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने या खेळाचे गणित मांडून १८३५ साली त्यावर एक ग्रंथ लिहिला. पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्यांची दिशा कशी वळते, हे समजावून सांगताना ज्यांचे नाव आज घेतले जाते, तेच हे कोरिओलिस. क्यू आडवी धरून चेंडूच्या उंचीच्या सात-दशांश भागावर टोला मारला, तर चेंडू मुळीच न घसरता पहिल्या क्षणापासून चाकासारखा गडगडत जातो, हे गणिताने सिद्ध होते. पूलचा चेंडू सुमारे ५७ मिलिमीटर व्यासाचा असतो. म्हणजे ही जागा मेजापासून ४० मिलिमीटर उंचीवर येते. त्याहून खाली किंवा वर टोला बसल्यास चेंडू आधी काही अंतर घसरतो आणि मग गडगडू लागतो.

चामड्याची पकडही अमर्याद नसते. मध्यापासून चेंडूच्या त्रिज्येच्या सुमारे निम्म्या अंतरापलीकडे टोला बसला, तर चामडेदेखील घसरते. ही पकड वाढावी म्हणून चकतीला खडू लावतात. फार पूर्वी काही खेळाडू क्यूचे टोक भिंतीच्या चुन्यावर घाशीत. १८२० नंतरच्या काळात इंग्लंडमधील बाथ या गावी जॅक कार नावाचा एक मनुष्य खडूची भुकटी 'फिरकीची जादूची भुकटी' म्हणून विकीत असे, अशी गोष्ट सांगतात. पुढे १८९७ साली अमेरिकेत विल्यम स्पिंक्स या खेळाडूने विल्यम हॉस्किन्स या रसायनतज्ज्ञाच्या साहाय्याने क्यूसाठी खास खडू तयार केला. हा खडू शाळेतील फळ्याच्या खडूहून वेगळा असतो. त्यात खरखरीत खनिजांचे अतिसूक्ष्म कण असतात. कॅरमच्या फळीवर भुकटी टाकतात ती घर्षण कमी व्हावे म्हणून. येथे खडू लावतात तो घर्षण वाढावे म्हणून. दोन खेळांतील हा विरोध ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

क्यूच्या खेळात बदल घडवून आणावयाचा असेल, तर जाणता कारागीर प्रथम या चकतीकडेच पाहतो. मऊ चकती चेंडूला चांगली पकडते आणि खडूही धरून ठेवते. पण ती लवकर चेपते, कडेने भूछत्राप्रमाणे पसरते आणि तिला वरचेवर आकार द्यावा लागतो. कठीण चकती आपला आकार टिकविते आणि टोल्याचा जोर चेंडूला अधिक देते; परंतु खडू तिच्यावर कमी टिकतो आणि टोला घसरण्याची भीती वाढते. पूलच्या आरंभी पंधरा चेंडूंचा त्रिकोणी जमाव फोडावयाचा असतो. तेथे फिरकीपेक्षा जोराचे महत्त्व अधिक. म्हणून पुष्कळ खेळाडू त्या एका टोल्यासाठी अतिशय कठीण टोकाची निराळी क्यू बाळगतात.

चकतीची गोलाईही तितकीच महत्त्वाची आहे. सपाट चकतीने बाजूला टोला मारला, तर तिची कड चेंडूला लागते आणि टोला घसरतो. म्हणून चकती कानशीने घासून घुमटाकार करतात. अमेरिकेतील खेळाडू ही गोलाई नाण्याच्या कडेशी ताडून पाहतात. काहींना पाच सेंटच्या नाण्याएवढी गोलाई आवडते, तर काहींना त्याहून लहान अशा दहा सेंटच्या नाण्याएवढी. गोलाई जितकी लहान, तितका घुमट अधिक उठावदार आणि बाजूचा टोला अधिक निर्धास्त.

जुनी चकती काढून नवी बसविणे हे काम लहान असले, तरी निगुतीचे आहे. प्रथम धारदार पात्याने जुने चामडे काढतात. सामेच्या माथ्यावरील सरसाचा कण न् कण खरवडून तो माथा अगदी सपाट करतात. मग नवी चकती चिकटवून ती दाबून ठेवतात आणि सरस पूर्ण वाळल्यावर तिच्या कडा सामेशी बरोबर जुळतील अशा कापतात. खाली कोठे पोकळी राहिली, तर टोल्याचा आवाज बद येतो. मडके वाजवून पाहणाऱ्या कुंभाराप्रमाणे क्यूचा कारागीरही आपले काम कानाने पारखतो.

दुसरा बदल वजनाचा. पुष्कळ क्यूंच्या बुंध्याच्या टोकाशी आतून एक पोकळी असते. तिच्यात लहानमोठ्या वजनाचे लोखंडी स्क्रू बसविता येतात. हलकी क्यू हात अधिक वेगाने पुढे नेऊ शकतो. जड क्यू तितकी वेगाने जात नाही, पण तिच्या पाठीशी वस्तुमान अधिक असते. तथापि केवळ वजन पाहून भागत नाही. ते कोठे आहे हेही पाहावे लागते. दोन क्यूंचे वजन अगदी सारखे असूनही त्यांपैकी एक पुढे जड लागते आणि दुसरी मागे. एका बोटावर आडवी ठेवून पाहिली, की क्यूचा तोल कोठे साधतो हे कळते. मागे वजन घातले, तर तोल मागे सरतो आणि पुढचा भाग हातास हलका वाटू लागतो.

तिसरा बदल सर्वांत चमत्कारिक आहे, आणि तो लोकांच्या ध्यानात यावयास फार काळ लागला. चेंडूच्या डाव्या बाजूस टोला मारला, तर चेंडूला फिरकी मिळते हे खरे; पण त्याचबरोबर तो काठीच्या रोखाने सरळ न जाता किंचित उजवीकडे सरतो. उजवीकडे टोला मारल्यास तो डावीकडे सरतो. हा फरक फार लहान असतो. परंतु त्याचा परिणाम लहान नसतो. दिशा केवळ एक अंशाने चुकली, तरी दोन मीटर अंतरावर चेंडू साडेतीन सेंटीमीटर बाजूला जातो, म्हणजे स्वतःच्या अर्ध्या रुंदीहून अधिक! अनुभवी खेळाडू ही चूक मनाशी धरूनच नेम साधत. परंतु ती होते कशामुळे?

फिरणारा चेंडू स्पर्शाच्या क्षणी क्यूच्या टोकाला बाजूला ढकलतो, आणि टोकाचे जडत्व चेंडूला उलट्या बाजूस ढकलते. स्पर्श इतका अल्पकाळ टिकतो, की तेवढ्यात हा धक्का काठीच्या पुढच्या थोड्याशा भागापर्यंतच पोहोचतो. म्हणून बुंधा कितीही जड असला, तरी या बाबतीत फरक पडत नाही; फरक पडतो तो टोकाजवळच्या वीतभर लाकडाच्या वजनाने. हे ओळखून १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कारागिरांनी दांड्याच्या टोकाकडील भाग आतून कोरून पोकळ केला आणि सामही हलकी केली. त्यामुळे चेंडूचे बाजूला सरणे पुष्कळ कमी झाले. हाच गुण आणण्यासाठी आता कार्बनच्या धाग्यांपासून केलेले पोकळ दांडेही वापरात आले आहेत.

हा शोध लावताना एक अडचण होती. मनुष्याचा हात दोन टोले तंतोतंत सारखे मारू शकत नाही. मग चेंडू सरला तो क्यूमुळे की हातामुळे, हे कसे ठरवावे? यासाठी क्यू यंत्राच्या हाती देण्यात आली. यंत्र एकाच वेगाने, एकाच जागी टोला मारी. बदलत असे तो केवळ दांडा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बाकीच्या तशाच ठेवाव्या, हा विज्ञानातील नियम येथे उपयोगी पडला. जो कोणी एकाच दिवशी चकतीही बदलतो, वजनही वाढवितो आणि दांडाही घासतो, त्याचा खेळ सुधारला किंवा बिघडला, तरी तो कशामुळे हे त्याला कधीच कळणार नाही.

आणखी एक गोष्ट क्यूच्या कारागिराला सतत जपावी लागते. चकती मनाजोगी नसली, तर दुसरी बसविता येते. स्क्रू जड वाटला, तर काढून ठेवता येतो. लाकडाचे मात्र तसे नाही. दांडा हातातून सुळसुळीत सरकावा म्हणून काही जण तो वारंवार काचकागदाने घासतात. दर खेपेस केसाएवढेच लाकूड जाते; पण काही महिन्यांनी पाहावे तो १३ मिलिमीटरचा दांडा साडेबारावर आलेला असतो. साम आणि लाकूड यांची कड जुळत नाही, दांडा अधिक लवू लागतो आणि हाताला झालेली जुनी सवय निरुपयोगी ठरते. काढलेले लाकूड कोणत्याही सरसाने परत जोडता येत नाही. म्हणूनच शहाणा कारागीर जे बदल मागे घेता येतात ते आधी करून पाहतो, आणि लाकडाला पाते लावण्यापूर्वी पुन्हा पुन्हा मोजतो.

यावरून हेही दिसते, की कोणताही बदल केवळ लाभाचा नसतो. मऊ चकती पकड देते, पण टिकाऊपणा घेते. बारीक टोक फिरकी नेमकी देते, पण जरासा हात चुकला तर तीही चूक स्पष्ट दाखविते. पोकळ दांड्याने चेंडूचे सरणे कमी होते, पण अनेक वर्षांच्या सरावाने बसलेला नेम खेळाडूला नव्याने शिकावा लागतो. काय मिळेल आणि काय द्यावे लागेल, याचा हिशेब आधी मांडावा लागतो. शिवाय खेळाच्या नियमांचीही मर्यादा असते. पूलच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे क्यूचे टोक १४ मिलिमीटरहून रुंद असून चालत नाही आणि क्यूची लांबी ४० इंचांहून कमी असून चालत नाही. साधन सुधारण्यास मोकळीक आहे. ती सर्वांना सारखी असावी एवढ्यासाठी ही मर्यादा.

प्रत्येक खेळाने आपल्या गरजेप्रमाणे क्यूला निराळे रूप दिले आहे. स्नूकर या खेळाचा जन्म आपल्याच देशात, १८७५ साली जबलपूर येथील ब्रिटिश सैन्याधिकाऱ्यांमध्ये झाला. नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याकडे त्याचे श्रेय जाते. स्नूकरचे चेंडू पूलच्या चेंडूंहून लहान, म्हणजे साडेबावन्न मिलिमीटरचे असतात आणि भोकेही अरुंद असतात. म्हणून स्नूकरच्या क्यूचे टोक अवघे साडेनऊ-दहा मिलिमीटर जाडीचे ठेवतात, दांडा बहुधा ॲश या झाडाच्या लाकडाचा करतात आणि साम पितळेची बसवितात.

बिलियर्ड्समध्ये जगात पहिले येण्याचा मान मिळविणारे पहिले भारतीय विल्सन जोन्स हे १९२२ साली पुण्यात जन्मले. १९५८ साली कलकत्त्यास झालेल्या स्पर्धेत ते हौशी खेळाडूंचे जगज्जेते ठरले आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी तो मान पुन्हा मिळविला. पोकळ दांडे आणि कार्बनचे धागे तेव्हा अजून यावयाचे होते. लाकडाची काठी आणि तिच्या टोकावरची चामड्याची चकती एवढेच साधन त्यांच्यापाशी होते.

मँगो यांच्या चकतीने खेळाडूंना एक नवी शक्यता दिली. चेंडू परत येऊ शकतो, वळू शकतो, थांबू शकतो, हे तिने दाखवून दिले. पण तो नेमका कोठे थांबावा, हे चकती ठरवीत नाही. ते डोळ्याने पारखावे लागते, मनाने ठरवावे लागते आणि हातांनी सहस्र वेळा गिरवावे लागते. चांगली क्यू या परिश्रमांना साथ देते. त्यांच्यापासून सुटका मात्र कोणतीही क्यू करीत नाही.